सापडलं, पण दिसत नाही

एदिल्मा ओकाम्पो आमच्या वरच्या मजल्यावर राहते. गेल्या मे महिन्यात मात्र तीन आठवडे ती माझ्या जेवणाच्या टेबलाशी बसून नोकरी करत होती, कारण तिच्या भिंतीपलीकडे फरशा फोडायचं काम निघालं होतं आणि त्या धडधडाटात राजधानी बोगोताहून बोलणाऱ्या तिच्या साहेबीणबाईंचा एक शब्द तिला ऐकू येत नव्हता. रोज सकाळी पावणेआठला ती जिना उतरून यायची. केस विंचरलेले, कानात लोलक, ओठांना रंग. खांद्याला लॅपटॉपची पिशवी आणि दुसऱ्या हाताला तिची आई, दोन्या रोस्मिरा; दोन्या म्हणजे आमच्याकडे बाईमाणसाला मानाने म्हणतात ते. आईचं वय एक्क्याऐंशी, तिला वर एकटं ठेवायची सोय नव्हती.

"दोन जिने उतरायला कशाला एवढं नटतेस?" मी पहिल्या दिवशी विचारलं.

"एकोणीस वर्षं सहाच्या भोंग्याला लिपस्टिक लावून गेले," ती म्हणाली. "आता समोर कॅमेरा असताना सोडू होय?"

एकोणीस वर्षं म्हणजे इताग्वीच्या पँटच्या कारखान्यातली. शिवून आलेली पँट तिच्या टेबलावर यायची, ती आतून बाहेरून फिरवायची, दोन्ही बाजूंच्या शिवणीवरून अंगठा न्यायची आणि बरी किंवा वाईट अशा एका ढिगात टाकायची. टाका सुटलेला तिला डोळे मिटूनही कळे. आमच्या इमारतीत कोणी नवीन कपडा घेतला की आधी एदिल्माच्या अंगठ्याखालून जायचा, मग अंगावर. एकदा माझ्या नवऱ्याचा लग्नाला घालायचा शर्ट तिने जिन्यातच उलटा केला आणि म्हणाली, "परत कर, हा तीन धुण्यांचा सोबती आहे." परत केला.

मग कारखाना बंद पडला. तिचा नवरा त्याच्या बराच आधी पेरेराला कामाला गेला होता, तो तिकडचाच झाला, तेव्हा त्याची वाट बघण्यात अर्थ नव्हता. सत्तेचाळिसाव्या वर्षी ती संध्याकाळच्या फुकट वर्गाला जाऊ लागली, संगणकाचे कार्यक्रम तपासायला शिकायला. वर्गात सगळी विशीतली मुलं. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं, ही कोणाची तरी आई, डबा द्यायला आली आहे. वर्षभराने तिला नोकरी लागली, तीन महिन्यांच्या कबुलीवर. तीन महिने काम बघू, मग ठरवू.

तिचं काम नक्की काय, हे मला कळायला दोन दिवस लागले. एका दवाखान्याचं संकेतस्थळ होतं. गुडघे, पाठ, खांदे दुखणाऱ्यांनी तिथे व्यायामाची वेळ घ्यायची. एदिल्माने एक चाचणी लिहिली होती, आपोआप चालणारी. ती ब्राउझर उघडायची, खोटा पेशंट बनायची, नाव, गाव, जन्मतारीख भरायची, वार निवडायची आणि शेवटचं निळं बटण दाबायची. बटण दाबलं गेलं की चाचणी हिरवी. कुठे अडकलं की लाल. दिवसातून वीस-बावीस वेळा, कोणी काही बदललं की, ती आपली आपण चालायची. पेशंट दर वेळी नवा. कधी अठरा वर्षांचा, कधी ऐंशीचा, जसा संगणकाच्या मनात येईल तसा.

"म्हणजे तू दिवसभर खोट्या माणसांना दवाखान्यात पाठवतेस," मी म्हणाले.

"ते खऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून," ती म्हणाली. "शितावरून भाताची परीक्षा. फक्त शितं मी वरचेवर काढते."

गोम अशी होती की गेले काही आठवडे दर तीन फेऱ्यांतली एक फेरी लाल येत होती. आणि लाल फेरीखाली दर वेळी एकच वाक्य: बटण सापडले, पण दिसत नाही. दहा सेकंद वाट पाहिली.

त्यावर पहिला इलाज सुचवला दुवानने. दुवान हा ते संकेतस्थळ लिहिणारा मुलगा, सव्वीस वर्षांचा, मानिसालेसचा, स्क्रीनवर कायम खाताना दिसायचा. "दोन्या एदिल्मा, सर्व्हर आळशी आहे हो," तो तोंडातला घास गिळत म्हणाला. "बटण यायला उशीर होतो. तुम्ही वाट बघायची वेळ वाढवा."

तिने दहाचे तीस सेकंद केले. वाक्य आलं: तीस सेकंद वाट पाहिली. तिने साठ केले. साठ सेकंद वाट पाहिली. फेऱ्या लांबल्या, लाल तेवढ्याच राहिल्या.

"साठ सेकंदांत मी अंडं फोडून परततेसुद्धा," मी म्हणाले.

"तेच म्हणते मी. उशिरा येणारं माणूस कधी दोन मिनिटं उशिरा येतं, कधी दहा. हे येतं तर लगेच येतं, नाहीतर येतच नाही. ह्याला उशीर म्हणत नाहीत."

सोमवारी सकाळी तात्याना बाईंचा फोन आला. तात्याना बेर्नाल, तिची साहेबीण, वय असेल बत्तीस. बोलणं बोगोताचं, मोजून मापून, प्रत्येकाला 'तुम्ही'. मी स्वयंपाकघरात होते, पण आमचं स्वयंपाकघर आणि जेवणाचं टेबल ह्यांच्यात भिंत नाही, तेव्हा ऐकू आलं ते आलं.

"एदिल्मा, शुक्रवारी नवी आवृत्ती लोकांपुढे जाणार. जी चाचणी रोज सात वेळा ओरडते, तिच्याकडे लोक बघेनासे होतात. शुक्रवारपर्यंत कारण सापडलं नाही तर मला ती काढून टाकावी लागेल."

"बरं," एदिल्मा म्हणाली.

"आणि खरं सांगते, तुमच्यापासून लपवून काय उपयोग. तुमचे तीन महिनेही शुक्रवारीच संपतात. ह्या बाईंनी काय उभं केलं असं मला वर विचारतील, तेव्हा दाखवायला माझ्याकडे ती एकच चाचणी आहे."

"कळलं," एदिल्मा म्हणाली, आणि फोन ठेवून तिने वही काढली.

ही वही मी नंतर पाहिली. पानाच्या मध्यात रेघ, एका बाजूला हिरव्या फेऱ्या, दुसऱ्या बाजूला लाल. कारखान्यात दर तिसरी पँट वाईट आली तर मशीनला शिव्या देत बसत नसत, असं तिने मला सांगितलं. वाईट पँटी एका ढिगात, चांगल्या दुसऱ्या ढिगात, आणि मग दोन्ही ढिगांत फरक काय ते शोधायचं. धागा वेगळा? शिवणारी वेगळी? जेवणाच्या आधीची की नंतरची? तशी ती प्रत्येक फेरीची वेळ लिहीत होती, कुठल्या संगणकावर चालली ते, पान उघडायला किती सेकंद लागले ते. सोमवार त्यातच गेला. दोन्ही ढीग सारखेच दिसत होते.

मंगळवारी तिने मला बोलावलं. "इकडे ये. तुझा चष्मा लाव आणि मला सांग, इथे बटण आहे की नाही."

चाचणी अडकली की त्या क्षणी पानाचा फोटो काढून ठेवते म्हणे. तो फोटो होता. त्यावर पेशंटला दिलेली वेळ, गुरुवार, सकाळी दहा, खालच्या मजल्यावर, आणि त्याखाली निळं बटण, ढळढळीत.

"आहे की," मी म्हणाले.

"मला दिसतं. तुला दिसतं. त्याला मात्र दिसत नाही."

"काखेत कळसा आणि गावाला वळसा."

"वळसा घालून तीन आठवडे झाले," ती म्हणाली, आणि तिने तो फोटो पुन्हा मोठा करून पाहिला, लहान करून पाहिला. दहा-बारा फोटो तिने असे पाहिले. सगळ्यांत बटण जागच्या जागी.

आता इथे दोन्या रोस्मिराविषयी सांगायला हवं. ती सोन्सोनकडच्या डोंगरातली. पोटच्या मुलीला ती 'तुम्ही' म्हणते, मुलगीही तिला 'तुम्ही' म्हणते, आणि आमच्या मांजरालाही ती "तुम्ही जरा सरका" असंच सांगते. मी आणि एदिल्मा एकमेकींना एकेरीत. माझा नवरा रागावला की मला 'तुम्ही' म्हणतो, आणि फार लाडात आला तरी 'तुम्ही'च, मधल्या काळात 'तू'. ह्याला काही नियम असेल असं आम्हाला इथे कधी वाटलं नाही. जीभ वळेल तिकडे वळते आणि ऐकणाऱ्याला बरोबर कळतं. दोन्या रोस्मिराचं मात्र तसं नव्हतं. ओळख नसताना कोणी एकेरीत आलं की ती मान ताठ करून दुसरीकडे बघते. बसचा वाहक असला तरी.

त्या दुपारी ती टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून राजमा निवडत होती. एकेक दाणा नखाने उलटवायचा, खडा बशीत, दाणा पातेल्यात. दिसतं कमी, पण बोटं तयार. मुलीचं मघापासून मान हलवणं तिच्या ध्यानात आलं असावं.

"एदिल्मा, तुम्ही एवढं काय वाचता आहात? मलाही वाचून दाखवा."

"काही नाही हो आई. दवाखान्याची चिठ्ठी आहे."

"कोणाची?"

"कोणाचीच नाही. खोटीच आहे."

"खोटी तर खोटी. वाचा."

एदिल्माने वैतागून हिरव्या ढिगातला एक फोटो उघडला. "गुरुवार. सकाळी दहा. खालचा मजला. सैल कपडे. नक्की करा."

"चांगलं आहे," दोन्या रोस्मिरा म्हणाली. "आणि ते दुसरं?"

"दुसरं तेच आहे."

"मग तेच वाचा. मला इथे कोण गोष्टी सांगतंय?"

"गुरुवार. सकाळी दहा. खालचा मजला. सैल कपडे. नक्की कर."

दाणे निवडणारी बोटं थांबली.

"कर?" दोन्या रोस्मिरा म्हणाली. "मी त्या पेटीची कोण लागते?"

"काय झालं, आई?"

"मघाशी मला 'करा' म्हणाली. आता 'कर' म्हणते. एवढ्यात मी तिचं काय घोडं मारलं?"

मी हसायला लागले. एदिल्मा हसली नाही. तिने पहिला फोटो उघडला, दुसरा त्याच्या शेजारी ठेवला, आणि बोट बटणावर टेकवून ती दोन शब्द वाचत राहिली. करा. कर. करा. कर. मग तिने लाल ढिगातला आणखी एक उघडला. कर. आणखी एक. कर.

"बारा वेळा बघितलं ग मी," ती मला म्हणाली. "बारा वेळा."

मीही पाहिलं होतं. मला काय दिसलं होतं? बटण. दिवसभर दोन्ही ऐकून ऐकून आमच्या डोळ्यांना तो फरक फरक वाटेनासा झालेला. एक्क्याऐंशीच्या बाईला तो ऐकू आला, कारण तिला अजून टोचतो.

एदिल्माने दुवानला फोन लावला. तो मक्याची भाकरी खात होता.

"दुवान, मला एक सांग. आपलं पान पेशंटशी कसं बोलतं?"

"नीट बोलतं की."

"अरे, 'तू' म्हणतं की 'तुम्ही'?"

"अच्छा, ते! दवाखान्यातल्या बाईंनीच सांगितलं होतं. तरुणांना 'तू' म्हणा, त्यांना परकं वाटायला नको. मोठ्यांना 'तुम्ही'. मी दोन बटणं केली. चाळिशीच्या आतल्याला 'कर' दिसतं, पुढच्याला 'करा'. जे नको ते लपवून ठेवतो. छान केलंय की नाही?"

"कधी केलंस?"

"असतील तीन आठवडे."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"दोन्या एदिल्मा, नुसता एक काना तर होता!"

"दोन्ही बटणांना नाव काय दिलंस?"

फोनवर चावण्याचा आवाज थांबला. "एकच," दुवान म्हणाला. "दोघांना एकच."

ते तिने मला नंतर राजम्याच्या दाण्यांवर समजावून दिलं. दोन दाणे, एकाच नावाचे. एक बशीखाली लपवलेला. चाचणी नाव घेऊन हाक मारते आणि पानावर जो पहिला भेटेल त्याच्यापाशी थांबते. पहिला होता 'करा'. पेशंट म्हातारा असला तर ठीक, तो समोरच असे. पेशंट तरुण असला की 'करा' बशीखाली, आणि ही त्याच्यासाठी साठ सेकंद उभी. सापडलाय तर खरा, पण दिसत नाही. 'कर' शेजारी उभा, त्याला कोणी विचारत नाही. वहीत तिने भराभर वयं लिहिली. लाल बाजूला एकवीस, तेहतीस, अठरा, एकोणतीस. हिरव्या बाजूला सगळे मोठे.

बुधवारी तिने चाचणीला नवं सांगितलं: दोघांपैकी जो दिसेल त्याला दाब. दिवसभरात एकही लाल नाही. संध्याकाळच्या बोलण्यात तात्याना बाई म्हणाल्या, "छान झालं. म्हणजे संकेतस्थळ ठीक होतं, चूक चाचणीचीच होती."

"हो," एदिल्मा म्हणाली.

"असू दे. सुधारलीत ना? मी ठेवते ती. वर बोलते मी."

फोन ठेवल्यावर तिने हुश्श केलं आणि कानातले लोलक काढून टेबलावर ठेवले. चूक आपलीच निघाली ह्याचं तिला थोडं लागलं होतं, पण घास तोंडाशी आला होता. मी बुन्युएलो, म्हणजे चीजचे गोल वडे, तळले. पहिला मान दोन्या रोस्मिराचा. "मी काही केलं नाही," ती म्हणाली आणि चार खाल्ले.

गुरुवारी सकाळी दहाच्या सुमारास एक फेरी लाल आली.

एकच. दुवानलाही ती दिसली, त्याने स्वतःहून फोन केला. "दोन्या एदिल्मा, पुन्हा चालवा, होईल हिरवी."

तिने चालवली. हिरवी झाली.

"बघा! तार हलली असेल कुठेतरी. एका लालकडे कोणी बघत नाही. पुसून टाका."

"आणि मग?"

"मग काय? उद्या तुमचा दिवस आहे. कशाला हात दाखवून अवलक्षण करून घेता?"

खोटं कशाला सांगू, मीही तेच म्हणाले. बाई ग, म्हणाले, तुझ्या साहेबिणीने काल सांगितलं की चाचणी सुधारली. आज तूच जाऊन सांगणार की नाही सुधारली? एक दिवस गप्प बस. सोमवारी शोध काय शोधायचं ते.

ती उठली, तिने तिघींचे कॉफीचे पेले धुतले. माझ्या घरात ती कधी भांड्यांना हात लावत नाही. पेले पालथे घालून परत आली आणि लाल फेरीचा फोटो उघडला.

"इकडे ये," ती म्हणाली. "आता चष्म्याशिवाय बघ."

गुरुवार, सकाळी दहा, खालचा मजला, सैल कपडे. त्याखाली पांढरं पान. निळं काहीच नाही.

"ह्यात नाहीच आहे," मी म्हणाले.

"नाहीच आहे. आतापर्यंत नाही म्हणायची आणि असायचं. आज नाही म्हणते आणि नाहीये." तिने जन्मतारीख पाहिली, बोटांवर वर्षं मोजली, पुन्हा मोजली. मग वही उघडली आणि लाल बाजूवरून बोट खाली नेलं. ते एके ठिकाणी थांबलं. "इथेही एक होता. चाळीसचा. मी त्याला पोरांच्या ढिगात टाकला. फोटो नाही बघितला ह्याचा." तिने तो फोटो काढला. पांढरा. "कारखान्यात असते तर माझा दिवस कापला असता, आणि बरोबर केलं असतं."

मग तिने चाचणी बाजूला ठेवली आणि पान स्वतःच्या हाताने उघडलं, कोणीही पेशंट उघडेल तसं. एकोणचाळीस वर्षांचा माणूस: नक्की कर. एक्केचाळीसचा: नक्की करा. चाळीसचा: काही नाही.

"मला बघू दे," मी म्हणाले. माझी धाकटी जाऊ फेब्रुवारीत चाळीस पूर्ण झाली. तिची जन्मतारीख मला पाठ आहे, कारण त्या दिवशी केक मीच करते. मी ती घातली. वार निवडला. खाली पाहिलं. बटण नव्हतं. पान वर नेलं, खाली नेलं, स्क्रीनच्या कडेला बोट घासून पाहिलं. जावेला कमरेचं दुखणं आहे. ती आमच्या स्वभावाची नाही, तिने कोणाला विचारलं नसतं. आपल्यालाच जमत नाही असं समजून ती पान मिटून कमरेला तेल लावून झोपली असती.

मी लॅपटॉप एदिल्माकडे सरकवला आणि काल टेबलावर राहिलेले लोलकही.

तिने लोलक घातले. तात्याना बाई आणि दुवान, दोघांना एकदम बोलावलं.

"चाचणी लाल आहे," तिने सुरुवातच तिथून केली.

तात्याना बाईंनी विचारलं, "किती वेळा?"

"आज एकदा. पुन्हा चालवली तर हिरवी झाली."

"एदिल्मा, मी कालच वर सांगितलंय की..."

"माहीत आहे. काल चाचणी चुकत होती. आज ती खरं बोलते आहे. तुम्ही स्वतः पान उघडा आणि चाळीस वर्षांचं कोणीतरी घाला. मी थांबते."

थांबलो सगळे. बोगोताहून टकटक ऐकू येत होती. मग ती बंद पडली.

"बटण कुठे आहे?" तात्याना बाई म्हणाल्या.

"दुवान," एदिल्मा म्हणाली, "तू काय लिहिलंयस ते वाच बाळा. मोठ्याने वाच."

दुवान पहिल्यांदाच काही न खाता दिसत होता. "वय चाळीसपेक्षा कमी असेल तर 'कर' दाखव. वय चाळीसपेक्षा जास्त असेल तर..." तो थांबला. "अरे देवा."

"चाळीसच असेल तर?"

"तर... कोणीच नाही."

"त्यांना 'कर'ही नाही आणि 'करा'ही नाही. चाळिसाव्या वाढदिवसाला पान मिटतं ते एक्केचाळिसाव्याला उघडतं. वर्षभर पाठ दुखत बसायचं."

"आणि हे उद्या सकाळी सगळ्यांपुढे जाणार होतं," तात्याना बाई हळूच म्हणाल्या.

"बदलायला चार मिनिटं लागतील," दुवान म्हणाला. "फक्त मला सांगा, चाळीसच्याला म्हणू काय? 'तू' की 'तुम्ही'?"

आणि तिथे अर्धा तास गेला, शप्पथ. तात्याना बाईंचं म्हणणं, सरळ सगळ्यांनाच 'तुम्ही' म्हणा, बोगोतात हा प्रश्नच येत नाही. दुवान म्हणाला, बोगोतात तुम्ही आरशातल्या माणसालाही 'तुम्ही' म्हणता, तुमचं सोडा. मला राहवलं नाही. मी मागून ओरडले की चाळिशीच्या बाईला पहिल्यांदा कोणी 'तुम्ही' म्हणतं तो दिवस ती विसरत नाही, हे पाप दवाखान्याने डोक्यावर घेऊ नये.

"हे कोण बोललं?" तात्याना बाईंनी विचारलं.

"ह्या घरच्या बाई," एदिल्मा म्हणाली.

"ओळख नसेल त्याला 'तुम्ही' म्हणावं," दोन्या रोस्मिराने टेबलाच्या टोकावरून निकाल दिला. "त्यात वय कशाला विचारायचं?"

"आणि ह्या कोण?" तात्याना बाईंनी विचारलं.

"ह्या मातोश्री," एदिल्मा म्हणाली.

तात्याना बाई हसल्या. मी त्यांना तोवर हसताना ऐकलं नव्हतं. शेवटी दवाखान्यातल्या बाईंनाच विचारायचं ठरलं. जेवायच्या आत उत्तर आलं: चाळीस म्हणजे तरुणच, 'कर' म्हणा. दोन्या रोस्मिराला हे पटलेलं नाही, ती अजूनही पटवून घ्यायला तयार नाही.

दुपारी एदिल्माने आणखी एक गोष्ट केली. संगणकाच्या मनात येईल तो पेशंट, ही पद्धत तिने मोडली. अठरापासून ऐंशीपर्यंत प्रत्येक वर्षाचा एकेक पेशंट, त्रेसष्ट माणसं, ओळीने. बटण आलं की नाही एवढंच नाही, आलेलं बटण कर म्हणतं की करा, तेही बघायचं. शेवटी साठ सेकंदांचे तिने पुन्हा दहा केले. मी राजमा शिजत लावला होता. झाकण वाजायला लागलं तेव्हा ती चौसष्ट वर्षांच्या पेशंटपर्यंत पोचली होती. सगळी हिरवी.

शुक्रवारी सकाळी अकराला नवी आवृत्ती लोकांपुढे गेली. साडेअकराला तात्याना बाईंचा फोन आला. मी मुद्दाम बाल्कनीत कपडे वाळत घालायला गेले, पण बाल्कनीचं दार आमचं नीट लागत नाही.

"वर मला विचारलं, ह्या बाईंनी काय उभं केलं," तात्याना बाई म्हणाल्या. "माझ्याकडे बुधवारचा तक्ता तयार होता, सगळा हिरवा. तो मी बाजूला ठेवला. गुरुवारची ती एक लाल फेरी दाखवली, आणि सांगितलं की पुन्हा चालवल्यावर ती हिरवी झाली होती, पुसून टाकणं सोपं होतं."

"मग काय म्हणाले?"

"म्हणाले, कागद तयार करा. तुमचा कागद पाठवला आहे. नीट वाचा आणि सही करा. तुम्ही सोमवारपासून कायम."

एदिल्मा "बरं" म्हणाली. मग "आभारी आहे" म्हणाली. फोन ठेवून तिने दोन्ही हात टेबलावर ठेवले, जेवण वाढायची वाट बघताना ठेवतात तसे. मी आत आले तर तिने माझ्याकडे पाहिलं.

"तुझं ते मोठं पातेलं आहे ना," ती म्हणाली, "लग्नाबिग्नाला काढतेस ते. रविवारी दे मला. जिन्यातल्या सगळ्यांना सांकोचोचा रस्सा घालते. कोंबडीचा करू का मटणाचा?"

"मटणाचा," दोन्या रोस्मिरा म्हणाली. "आणि त्या मानिसालेसच्या मुलालाही बोलवा. तो फोनवर सारखा काहीतरी खात असतो, त्याला घरी कोणी वाढत नसणार."